वडीलधाऱ्यांचे ताट

आमच्या खेड्यांत घरोघरी सत्तरी गाठलेल्या माणसाच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येते. “मला आता काय लागतंय? चहात पाव बुडवून खाल्ला की झालं.” हे ऐकून घरची मंडळी समाधान पावतात. वडील माणसे समजूतदार आहेत, जिभेचे चोचले करीत नाहीत, असे त्यांस वाटते. आम्हांला मात्र या वाक्याची धास्ती वाटते. कारण त्याच माणसाची पुढची तक्रार ठरलेली असते. पोट साफ होत नाही, छातीत जळजळते, पोट नगाऱ्यासारखे फुगते, अंगात त्राण नाही. मग पोटाला त्रास नको म्हणून भाजी बंद होते, वातूळ म्हणून डाळ जाते, शेवटी पावही अर्धाच उरतो. आणि ताट जसजसे आटते तसतसे पोट अधिकच बिघडते. वार्धक्यात आहार बदलावा लागतो हे आम्हांला पूर्णपणे मान्य आहे. परंतु बदलणे म्हणजे कमी करणे नव्हे.

वय झाले की जठराग्नी विझतो, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. ती अर्धीमुर्धीच खरी आहे. निरोगी वृद्ध माणसाच्या लहान आतड्याची अन्न पचवून रक्तात घेण्याची शक्ती बरीचशी शाबूत असते. बिघाड होतो तो दुसरीकडे. दात पडतात, नाहीतर कवळी हिरड्यांना टोचते, म्हणून घास नीट चावला जात नाही. काही औषधांनी तोंड कोरडे पडते. मोठ्या आतड्याची चाल मंदावते. मळ तेथे रेंगाळतो, त्यातील पाणी शोषले जाते आणि तो खड्यासारखा घट्ट होतो. त्यातच वयाबरोबर तहान कमी लागू लागते. शरीराला पाणी हवे असते, पण घसा ते मागत नाही.

पाण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तिच्याविषयी कोणी उघड बोलत नाही. कित्येक घरांत शौचकूप परसात असतो. रात्री काळोखात उठावे लागेल, पाय घसरेल, सुनेला किंवा मुलाला हाक मारावी लागेल, या भीतीने आपल्या आज्या दुपारनंतर पाण्याचा घोटही घेत नाहीत. त्यांच्या बद्धकोष्ठाचे मूळ निम्मेशिम्मे या भीतीत असते, असे आमचे मत आहे. दिवसाचे सहा ते आठ पेले पाणी सकाळपासून चार-पाच वाजेपर्यंत प्यायले, तर रात्रीची ये-जा पुष्कळ कमी होते. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या रोग्याने पाण्याचे प्रमाण डॉक्टरांस विचारूनच ठरवावे. आणि परसाच्या वाटेवर एक दिवा व भिंतीला हाताशी एक दांडा बसवला, तर त्याचा गुण कोणत्याही चूर्णापेक्षा अधिक येतो.

आता चहा-पावाकडे वळू. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांची कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांवरून पाहता शंभर ग्रॅम सडीक तांदळात चोथा, म्हणजे ज्याला आहारशास्त्रात तंतुमय भाग म्हणतात तो, तीन ग्रॅमही भरत नाही. मैद्याची गतही तीच. उलट तेवढ्याच नाचणीत किंवा चक्कीवर दळलेल्या गव्हाच्या पिठात तो सुमारे अकरा ग्रॅम असतो. मोठ्या माणसाला दिवसाकाठी पंचवीस-तीस ग्रॅम तरी हवा. सकाळी चहा-पाव, दुपारी पेज आणि रात्री पुन्हा दूध-पाव खाणाऱ्या माणसाच्या आतड्यांना पुढे ढकलण्यासारखे काही मिळतच नाही. खानापूर-चंदगडकडील आपल्या नाचणीला गरिबांचे धान्य म्हणून आपणच मागे सारले. तिची आंबील दात नसलेल्यालाही पिता येते, आणि भाकरी वरणात कुस्करली की कवळीला त्रास देत नाही. दुधी, भोपळा, पडवळ, लाल माठ मऊ शिजवून घ्यावेत. पिकलेली पपई उत्तम. रात्री भिजवलेले मनुके किंवा अंजीर सकाळी खावेत. मधुमेह असणाऱ्याने गोड फळांचे माप सांभाळावे, एवढेच.

मात्र हा बदल एका दिवसात करू नये. वर्षभर पेजेवर राहिलेल्या पोटात एकदम वाटीभर पालेभाजी व दोन भाकऱ्या गेल्या, तर ते फुगणारच, आणि मग ‘बघा, मला सोसत नाही’ म्हणून सारे पुन्हा बंद होते. दोन-तीन आठवड्यांत चढत्या मापाने वाढवावे व बरोबरीने पाणी वाढवावे. इसबगोलासही हाच नियम लागू आहे. तो भरपूर पाण्याबरोबर घ्यावा, निजतेवेळी कोरडा टाकू नये. ज्यास गिळताना अडकल्यासारखे होते त्याने तर डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊच नये. न्याहारीनंतर आतड्यांना स्वाभाविकच चालना मिळते. ती वेळ न चुकवता दहा मिनिटे शांतपणे बसावे, आणि कमोड असेल तर पायांखाली लहान पाट घ्यावा.

डाळीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आम्हांस भाग आहे, कारण सर्वांत मोठे नुकसान येथेच होते. डाळ वातूळ, अंडे उष्ण, मासा जड, असे म्हणत म्हणत वृद्धांच्या ताटातून प्रथिने नाहीशी होतात. वाढत्या वयात स्नायू आपोआप झिजतात. त्यांना प्रथिने मिळाली नाहीत तर झीज दुप्पट जाणवते. मांड्या बारीक होतात, उठताना हात टेकावा लागतो, आणि एके दिवशी मोरीत पाय घसरून खुब्याचे हाड मोडते. पोटाच्या नावाखाली सुरू झालेला पथ्याचा खेळ असा अंथरुणावर जाऊन पोहोचतो. वृद्धांना दर किलो वजनामागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे आजचे पुष्कळ तज्ज्ञ सांगतात. म्हणजे पन्नास किलोच्या आजीला पन्नास-साठ ग्रॅम. (मूत्रपिंडाचा विकार असेल तर गोष्ट वेगळी.) एका अंड्यात सहा ग्रॅम, मोठा पेलाभर दुधात आठ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, आणि शंभर ग्रॅम मासळीत वीसच्या आसपास. चहात बुडवलेल्या पावात जेमतेम तीन.

तर डाळ सोडू नये, तिची रीत बदलावी. तूर सोसत नसेल तर मूग घ्यावा. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी ओतून द्यावे, नव्या पाण्यात अगदी मऊ शिजवावे, आणि आरंभी अर्ध्या वाटीवरच थांबावे. दुधाने पोट गुरगुरत असेल, तर त्यातील साखर पचवणारे पाचकद्रव्य वयाप्रमाणे कमी झालेले असते. अशांना दही व ताक बहुधा चालते. तेव्हा दूध बाधले म्हणून ताकासही हद्दपार करणे योग्य नव्हे.

जळजळीचे कारण पुष्कळदा पदार्थापेक्षा वेळेत असते. रात्री साडेनवाला जेवून दहाला आडवे झाले की जठरातील आम्ल वर चढते. जेवण व झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर हवे. त्याउपर त्रास राहिला तर खाटेच्या उशाकडील पायांखाली वीतभर उंचीचे ठोकळे घालावेत. नुसत्या उशा रचल्याने पोट दुमडते व उपयोग होत नाही. खाण्याचा सोडा पाण्यात घालून पिण्याची सवय पुष्कळांना असते. त्याने घटकाभर बरे वाटते, पण त्यात सोडियम फार. रक्तदाबाच्या माणसाने त्याच्या वाटेस जाऊ नये. गुडघेदुखीवर दुकानातून आणून घेतलेल्या गोळ्या पोटात व्रण पाडू शकतात, आणि लोहाच्या व कॅल्शियमच्या काही गोळ्यांनी मलावरोध होतो. म्हणून पोटाची तक्रार सांगायला जाताना सगळ्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरांपुढे ओतावी.

उपवासकाळाविषयी एक शब्द. ऐंशी वर्षांच्या आजीही राखेच्या बुधवारी व शुभ शुक्रवारी कडक उपास धरतात, आणि पुढे चार दिवस पोट व डोके धरून बसतात. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील १२५२ व्या कलमान्वये उपवासाचे बंधन साठावे वर्ष लागेपर्यंतच आहे. मांसवर्जनाला वयाची अशी वरची मर्यादा नाही; पण त्या दिवशी मासळी, अंडे, दूध यांस मनाई नसते. आजींच्या भक्तीपुढे आम्ही नम्र आहोत. तथापि जे ओझे सभेने त्यांच्या खांद्यावरून उतरवले आहे ते घरच्यांनी त्यांना गोडीने सांगावे, आणि तरीही मन मानत नसेल तर धर्मगुरूंकडून सांगवावे.

काही लक्षणे मात्र पथ्याने झाकू नयेत. शौचात रक्त, डांबरासारखा काळा मळ, प्रयत्न न करता उतरलेले वजन, घास अडकणे, वरचेवर उलटी, किंवा आयुष्यभर नियमित असलेले पोट उतारवयात एकाएकी बदलणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपायांत आठवडे घालवू नयेत. छातीत दडपण येऊन घाम सुटला, दम लागला, तर ‘पित्त असेल’ म्हणून सोडा न देता त्याच घडीला इस्पितळ गाठावे.

राहिला प्रश्न सुनेचा. दोन चुली पेटवणार कोण, असे ती विचारील, आणि तिचे म्हणणे खोटे नाही. पण वेगळा स्वयंपाक लागतच नाही. तिखट घालण्यापूर्वी वाटीभर भाजी बाजूला काढावी व ती आणखी पाच मिनिटे शिजू द्यावी. बांगड्याचा काटा काढून तो आमटीतल्या भातात कुस्करावा. अंडे उकडण्याऐवजी मऊ पोळी करावी. वेळेचे म्हणाल तर आजोबांना सातलाच कोपऱ्यात एकटे वाढून मोकळे होण्याची रीत आम्हांला पसंत नाही; एकटे बसलेले माणूस दोन घासांवर उठते. सगळ्या घरानेच साडेसातला पाने मांडावीत. मुलांनाही तेव्हा भूक लागलेली असते, आणि दूरदर्शनवरची मालिका जेवणानंतरही पाहता येते.