चिप, ईदी आणि अमानत

ईदनंतर चौथ्या दिवशी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. पैठण गेट भागात त्याचे मोबाइल दुरुस्तीचे छोटेसे दुकान आहे. सलाम-दुआ झाल्यावर तो म्हणाला, “टीचर, तुमचे साहबजादे गेमचे मशीन घेऊन आले होते. चिप बसवायची म्हणाले. पाचशे रुपये आगाऊ ठेवून गेलेत. मी अजून एक स्क्रूही काढलेला नाही. म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं.”

मला काय बोलावे ते सुचेना. ते मशीन म्हणजे निन्टेन्डो स्विच. दहावीच्या निकालानंतर माझ्या भावाने शारजाहून भाच्यासाठी आणलेले. पाचशे रुपये ईदीचे. आणि घरात कुणाला पत्ता नाही.

घरी येऊन आरडाओरडा करता आला असता. पण ज्या गोष्टीतले मला ओ की ठो कळत नाही, तिच्यावर काय ओरडणार? दुसऱ्या दिवशी असरनंतर मुलाला घेऊन दुकानात गेले.

विद्यार्थ्याने स्टूल पुसून दिले आणि दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचे उघडलेले मशीन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. तो समजावून सांगू लागला. हे मशीन सुरू होताना आधी स्वतःलाच तपासते, की जी प्रणाली चालू होणार आहे ती कंपनीने मान्य केलेलीच आहे ना. नेमक्या त्या क्षणी चिप मुख्य प्रोसेसरचा विद्युतदाब डोळ्याची पापणी लवण्याच्याही कितीतरी कमी वेळासाठी खाली ओढते. प्रोसेसर गोंधळतो, तपासणी चुकते आणि दार उघडते. मग मशीनवर काहीही चालवता येते. स्वतः लिहिलेला प्रोग्रामही आणि कुठून तरी उतरवलेला फुकटचा गेमही.

2017 मध्ये आलेल्या सुरुवातीच्या स्विचला चिप लागतच नव्हती. त्यातल्या एनव्हिडियाच्या प्रोसेसरमध्येच एक दोष होता. तो 2018 मध्ये उघड झाला आणि कंपनीने पुढच्या मशीनमध्ये तो बुजवला. म्हणून 2021 मध्ये आलेल्या ओएलईडी पडद्याच्या मशीनला, म्हणजे आमच्या मशीनला, चिप लागते. चिप तरी काय, मुले विज्ञान प्रदर्शनासाठी वापरतात तसला रास्पबेरी पायचा छोटा बोर्ड. चार डॉलरच्या पिको बोर्डावर असते तीच चिप त्यावर असते. महाग आहे तो हात. केसासारख्या तारा तांदळाच्या दाण्याहून लहान भागांवर डाग देऊन जोडायच्या. एक तार तर मेमरीच्या चिपखाली जाते. उष्णता जास्त झाली की मेमरी जाते, आणि मेमरी गेली की मशीन गेले.

“माझ्या हातून एक मशीन गेलंय, टीचर,” तो म्हणाला. “गिऱ्हाइकाला खिशातून भरून दिलं. चार महिने लागले.”

हे सारे ऐकून मुलगा म्हणाला, “अम्मी, मशीन आपलंच आहे ना? मग आपण काहीही करू.”

प्रश्न खोटा नव्हता. आपली वस्तू उघडणे गुन्हा नाही. कॉपीराइट कायद्यात 2012 मध्ये कलम 65 अ आले. हक्क डावलण्याच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, असे ते सांगते. म्हणजे कायदाही हेतूच विचारतो. विकत घेतलेल्या प्रोग्रामची, तो बिघडला तर हाताशी असावी म्हणून, एक प्रत ठेवायला त्याच कायद्यात मुभा आहे. आपल्याकडे याला नियत म्हणतात. मी मुलाला एवढेच विचारले, “चिप बसली की पहिल्या दिवशी काय करणार होतास?” तो खाली बघत म्हणाला, “गेम टाकणार होतो.” किती? “चाळीस-पन्नास.” एक गेम चार हजारांच्या घरात जातो. हिशेब त्यानेच मनात केला असावा.

विद्यार्थ्याने त्याला गॅरी बाउझरची गोष्ट सांगितली. असल्या चिपा विकणाऱ्या टोळीचे विक्रीचे काम हा कॅनडाचा माणूस पाही. 2022 मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने त्याला 40 महिन्यांची कैद दिली. दोन्ही खटले मिळून 1 कोटी 45 लाख डॉलरचे देणे डोक्यावर बसले. मारिओच्या खेळातल्या खलनायकाचे नावही बाउझरच, म्हणून मुलगा हसला. पण मग गप्प झाला.

रिक्षात त्याने मला गाठले. “अम्मी, तुम्ही वर्गातल्या मुलांना आख्ख्या गाइडची झेरॉक्स देता. ते काय?”

मी म्हटले, शिकवण्यासाठी प्रत काढायला कायद्यात सवलत आहे. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात 2016 मध्ये उच्च न्यायालयाने तेच सांगितले. उत्तर बरोबर होते, पण माझ्या बाबतीत अर्धेच. त्या खटल्यात अभ्यासक्रमासाठी निवडलेले उतारे होते. मी मात्र दरवर्षी एक गाइड विकत आणून तीस मुलांना पूर्णच्या पूर्ण वाटत होते. मुलांच्या गरिबीची ढाल माझ्या हातात होती, एवढाच फरक.

रात्री ह्यांच्याशी बोलले. उपखंडातल्या काही जुन्या मुफ्तींचे मत वेगळे होते, हे खरे. पण डिसेंबर 1988 मध्ये कुवेतच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने ठराव केला, की लेखन, शोध आणि व्यापारी नाव यांचे हक्क शरीयतने जपलेले आहेत, त्यांवर घाला घालता येत नाही. हे हळूच म्हणाले, “माझ्या मोबाइलमधले सिनेमेही मग काढावे लागतील.” त्या रात्री घरातला दोषी एकटा मुलगा राहिला नाही, आणि बहुधा म्हणूनच त्याने आमचे ऐकले.

चिप बसली नाही. स्विचचे गेम छोट्या कार्डवर मिळतात. कार्ड एकमेकांना देता येते, वापरलेले विकताही येते. मुलाने तीन मित्र जमवले, चौघांत मिळून एक कार्ड घेतात आणि पाळीने खेळतात. पाचशे रुपये विद्यार्थ्याने परत केले. शिवाय म्हणाला, “सुट्टीत याला दुकानात पाठवा. मेलेल्या मोबाइलच्या बोर्डवर डाग द्यायला शिकवतो.” मुलगा मे महिनाभर गेला. दोनदा बोट भाजून आला, पण एका शेजारणीच्या मोबाइलचा चार्जिंगचा भाग बदलून आला. जेवताना चार वेळा तेच सांगत होता.

मी यंदा गाइडची झेरॉक्स काढली नाही. महत्त्वाचे प्रश्न स्वतःच्या हाताने लिहिले आणि त्यांच्या प्रती वाटल्या. तीन रविवार गेले.

त्या दुकानदाराचा मात्र मला राहून राहून विचार येतो. चिप बसवली असती तर साडेचार हजार मिळाले असते आणि मला कधी कळलेही नसते. तो शाळेत गणितात दोनदा नापास झालेला मुलगा. अमानतीचा धडा मी त्याला शिकवला की त्याच्या अम्मीने, हे विचारायचे राहूनच गेले.