बरगडी मोडली, खोकला अडला

दुचाकीवरून पडलेल्या किंवा न्हाणीघरात घसरलेल्या आजोबांच्या एक्स-रेत तीन-चार बरगड्या मोडलेल्या दिसतात. नातेवाईक विचारतात, ‘प्लास्टर कधी घालणार?’ बरगडीला प्लास्टर नसते; ती श्वासागणिक हलतच राहते. (छातीला पट्टा आवळण्याची जुनी रीतही सोडायला हवी, त्याने श्वास आणखी आखडतो.) हाड दीड-दोन महिन्यांत आपोआप सांधते. खरी काळजी पहिल्या काही दिवसांची असते.

दुखते म्हणून रुग्ण वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो. कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. अमेरिकेतील सिएटलच्या डॉक्टरांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पासष्टीपुढच्या रुग्णांत मोडलेल्या प्रत्येक जादा बरगडीमागे मृत्यूचा धोका १९ टक्क्यांनी आणि न्यूमोनियाचा २७ टक्क्यांनी वाढलेला आढळला. म्हणून इथे वेदना शमवणे हाच मुख्य उपचार.

पण बहुतेकांच्या वाट्याला गोळ्याच येतात. त्यातल्या काही म्हाताऱ्या मूत्रपिंडांना जड जातात. अफूवर्गीय इंजेक्शनांनी गुंगी येते आणि खोकला आणखी मंदावतो. नर्व्ह ब्लॉक हा याहून चांगला मार्ग आहे. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने संवेदना वाहणारी नस जाते. भूलतज्ज्ञ सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत पाठीच्या लांब स्नायूखाली बधिरतेचे औषध सोडतात. ‘इरेक्टर स्पायनी ब्लॉक’ नावाची ही पद्धत २०१६ मध्ये प्रथम मांडली गेली. सुई मणक्याच्या पोकळीत जात नाही, त्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनाही ती एपिड्युरलपेक्षा कमी धोक्याची. एका इंजेक्शनचा परिणाम काही तास टिकतो. बारीक नळी ठेवली तर काही दिवस. दुखणे पूर्ण थांबतेच असे नाही, पॅरासिटामॉल चालूच ठेवावे लागते.

मग हा ब्लॉक सर्रास का मिळत नाही? सरकारी रुग्णालयांत भूलतज्ज्ञ मोजके, तेही सिझेरियनमध्ये अडकलेले. शिवाय गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यानुसार प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंद लागते. कायदा हवाच, पण त्या धास्तीने यंत्र क्ष-किरण विभागात कुलूपबंद राहते. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने अपघात विभागासाठी स्वतंत्र यंत्र रीतसर नोंदवून घ्यावे आणि तिथल्या डॉक्टरांना ब्लॉक शिकवावा. तोवर नातेवाइकांनी एवढे करावे: आजोबांना जोरात खोकायला सांगावे. जमत नसेल, तर ब्लॉक देता येईल का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.