आधी थांबवण्याची सोय

वर्षानुवर्षे पडून असलेला बुलडोझर पुन्हा चालू करायचा म्हटले, की नवशिक्याला घाई होते ती इंजिन सुरू करण्याची. माझे मत असे, की त्याने आधी ते बंद कसे करायचे याचा विचार करावा.

मी ज्यावर शिकतो आहे तो कॅटरपिलर डी-२, १९३८ ते १९५७ या काळात अमेरिकेत बनत असे. त्याच्या डिझेल इंजिनाला फिरवायला दोन सिलिंडरचे छोटे पेट्रोल इंजिन असते. पेट्रोल इंजिनाची ठिणगी तोडली की ते थांबते. डिझेल मात्र दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच पेटते. इंधन कमी-जास्त करणारा पंपातला दांडा उघड्या जागी अडकलेला असेल, तर इंजिनाचा वेग वाढतच जातो आणि ते फुटूही शकते.

म्हणून तो दांडा हाताने मोकळा सरकतो ना, हे आधी पाहावे. डिझेलची तोटी हाताशी ठेवावी. हवा आत जाते ते तोंड झाकायला जाड फळी घेऊन एक जाणता माणूस उभा असावा. तिथे तळहात कधीच लावू नये.

सुट्टीच्या दिवशी घरची मुले हौसेने भोवती जमतात. त्यांच्यासाठी तरी एवढी शिस्त हवी. ती जमत नसेल, तर यंत्र आणखी एक रविवार पडून राहिले म्हणून काही बिघडत नाही.