न झाडलेली गोळी

फायरिंग रेंजवरून परतताना आपल्या सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, ‘तुझं ग्रुपिंग किती आलं?’ गोळ्या किती सेंटिमीटरच्या आत बसल्या यावर हाउसचे गुण ठरतात, आणि त्या रात्री मेसमध्ये कुणाचा आवाज मोठा राहणार हेही ठरतं. यात वाईट काही नाही. चांगलं ग्रुपिंग मलाही आवडतं. पण रायफल हातात असताना ती न चालवण्याचं शिक्षण आपल्या वेळापत्रकात कुठेच नाही. ते असायला हवं, असं माझं मत आहे.

हे मत मेच्या सुट्टीत तयार झालं. माझा मामा नोकरीसाठी जोहान्सबर्गला असतो. त्याच्याबरोबर मी दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर टोकाला, मकुलेके नावाच्या भागात आठ दिवस राहिलो. सफारी गाइड होऊ पाहणाऱ्यांचं तिथे प्रशिक्षण शिबिर आहे. पूर्ण अभ्यासक्रमासाठी माझं वय कमी पडतं, म्हणून आम्ही दोघं थोड्या दिवसांचे विद्यार्थी. लिंपोपो आणि लुवुव्हू या नद्यांच्या मधला हा प्रदेश. त्या जिथे मिळतात तिथे दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे आणि मोझांबिक अशा तीन देशांच्या सीमा एकत्र येतात. शिबिराला कुंपण नाही. रात्री बाहेर हत्ती फांद्या मोडत असतो, आणि झोपण्यापूर्वी एवढं पाणी का प्यायलो असा विचार आपण आत करत असतो.

दिनक्रम मात्र ओळखीचा होता. पहाटे उठणं, ड्यूटी लावलेली, गाडीचं तेल-पाणी तपासणं, दुपारी वर्ग. फरक कळला तो पायी निघाल्यावर. एका रांगेत चालायचं. पुढे रायफलवाला, त्याच्यामागे दुसरा रायफलवाला, मग बाकीचे. बोलणं बंद, सगळं हातांच्या खुणांवर. इथपर्यंत आपल्यासारखंच. पण पुढच्या गाइडजवळ राखेची एक छोटी पुरचुंडी असते. थोड्या थोड्या वेळाने तो ती झटकतो आणि राख कुठे उडते ते बघतो. आपला वास जनावराकडे जात असेल तर वाट बदलायची, मग उन्हात अर्धा तास जास्त चालावं लागलं तरी चालेल.

चौथ्या दिवशी समोरच्या झुडपांतून ऑक्सपेकर पक्षी चिरचिर करत उडाले. हे पक्षी रानरेड्यांच्या अंगावरच्या गोचिडी खातात. ते दिसले म्हणजे खाली रेडा असण्याची दाट शक्यता. पुढे चालणाऱ्या प्रशिक्षणार्थी मुलीने मूठ वर केली, राख झटकली आणि आम्हाला आल्या पावली मागे घेऊन एका मोठ्या वारुळाला वळसा घालून नेलं. आम्हाला रेड्याची फक्त पाठ दिसली. आमच्यातल्या एका पाहुण्याला फोटो मिळाला नाही म्हणून तो खट्टू झाला. शिबिरावर आल्यावर प्रशिक्षकांनी तिला एकच प्रश्न विचारला, “आपण तिथे होतो हे त्याला कळलं का?” ती म्हणाली, “नाही.” ते म्हणाले, “मग झालं.”

याचा अर्थ त्यांना नेम येत नाही असा कुणी काढू नये. त्यांच्याकडे .३७५ बोअरच्या जड रायफली असतात. समोरच्या जनावरावरची नजर न हलवता ती भरता यावी लागते, आणि अंगावर धावून येणाऱ्या टार्गेटवर गोळी मारण्याची परीक्षा असते. पण खरोखर गोळी झाडावी लागलीच तर चौकशी होते. प्रशिक्षक म्हणाले, नेम कुठे लागला हे मी नंतर विचारेन, आधी विचारेन की तू एवढ्या जवळ गेलासच का.

मामा घोरतो म्हणून मी तंबू बदलला होता. माझा नवा जोडीदार मकुलेके समाजाचाच. त्याच्या आजोबांना १९६९ मध्ये वर्णभेदी सरकारने या जमिनीवरून उठवलं होतं. १९९८ मध्ये जमीन समाजाला परत मिळाली, पण त्यांनी तिथे पुन्हा गाव वसवलं नाही, जंगल जंगलच ठेवलं आणि पर्यटनातून उत्पन्न घ्यायचं ठरवलं. तो म्हणाला, “रेडा मेला तर आमचं नुकसान, पाहुणा मेला तरी आमचंच.” शस्त्र बाळगणाऱ्या माणसाची अडचण इतक्या थोडक्यात मी कुणाकडून ऐकली नव्हती.

परत आल्यावर हे सांगितलं तेव्हा आमच्या हाउसचे एक सिनियर हसले. सीमेवरचा जवान राख उडवत बसला तर काय होईल, असं त्यांनी विचारलं. प्रश्न योग्य आहे. रेडा शत्रू नसतो, शत्रू शत्रूच असतो. पण भारत आणि चीन यांच्यात १९९६ मध्ये झालेला करार बघा. प्रत्यक्ष ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही, बंदुकीने शिकारसुद्धा करायची नाही, असं त्यात लिहिलेलं आहे. म्हणजे आपल्यापैकी जे उद्या लडाखला जातील त्यांना हेच करायचं आहे. जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले २० जवान शहीद झाले, त्या चकमकीत गोळी चालली नव्हती. कुणी म्हणेल, संयम महाग पडला. पडतोच. मग एवढी महाग गोष्ट आयत्या वेळी, बर्फात उभं राहून शिकायची की इथे?

माझी सूचना छोटी आहे. रेंजवर अधूनमधून अशी टार्गेट लावावीत की ज्यांच्यावर गोळी झाडली तर गुण जातील, आणि ती कोणती हे समोर आल्यावरच कळावं. वार्षिक साहस शिबिरात अडथळ्यांची शर्यत राहू दे, ती मला जिंकायची आहे. पण एक सकाळ अशी असावी की प्रत्येक सेक्शनने न बोलता जंगलातून जाऊन यायचं, काय पाहिलं ते लिहून द्यायचं, आणि लपून बसलेल्या उस्तादांना जो सेक्शन दिसणार नाही त्याला पूर्ण गुण.

उस्तादांना मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, “लपायला मी तयार आहे. बाकीचं लिहून दे.”