नांगराच्या रेघा आणि चेहऱ्यावरील सुरकुत्या

छायाचित्र म्हटले की लग्नात किंवा पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी काढलेले, ओटीवर टांगलेले चित्र आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे येते. ज्यात माणूस किंवा जागा ओळखू येत नाही, केवळ रेघा आणि काळे-पांढरे आकार दिसतात, अशा अमूर्त छायाचित्रांशी शेतकऱ्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. त्यास उत्तर म्हणून इटलीतील सेनिगालिया या गावचे मारिओ जाकोमेल्ली यांचे आज आम्ही स्मरण करीत आहो. त्यांच्या जन्मास २०२५ साली शंभर वर्षे पूर्ण झाली.

मारिओ नऊ वर्षांचे असता त्यांचे पितृछत्र हरपले. आई वृद्धाश्रमात कपडे धुण्याचे काम करी. तेराव्या वर्षी मुलगा छापखान्यात लागला. पुढे त्याच आश्रमातील एका वृद्धेने दिलेल्या पैशांवर त्यांनी स्वतःचा छापखाना घेतला. १९५३ साली त्यांनी एक साधा कॅमेरा विकत घेतला. ही विद्या ते कोणत्याही शाळेत शिकले नाहीत. रविवारची सुटी हाच त्यांचा अभ्यासाचा काळ.

त्याच सुमारास जुझेप्पे काव्हाल्ली या वकिलांच्या पुढाकाराने गावातील हौशी मंडळींचा एक गट उभा राहिला. गावच्या नदीवरून त्याचे नाव ‘मिझा’ ठेविले. संस्थापक सभासदांत मारिओ होते आणि खजिनदारीही त्यांच्याकडेच होती. काव्हाल्लींना सौम्य, उजळ प्रकाश प्रिय, तर मारिओंना कोळशासारखा काळा व चुन्यासारखा पांढरा. गट थोड्याच वर्षांत विसर्जित झाला. पण छापखान्यातील त्या तरुणास आपली वाट तेथेच गवसली.

गावाभोवतालच्या टेकड्यांवरून ते खालची शेते टिपीत. आकाश चित्रात येऊ देत नसत. मग नांगराची तासे केवळ रेघा होऊन उरत. कधी ट्रॅक्टरवाल्यास सांगून ते हवी तशी तासे पाडून घेत. तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांतही त्यांनी आकृती शोधिल्या. वृद्धाश्रमातील म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या त्यांनी याच कठोर काळ्या-पांढऱ्यात टिपल्या. जरेचे दुःख गोड करून दाखविले नाही. त्यांच्या चित्रांत जमीन आणि माणूस दोघेही कष्टांनी रेखाटलेले दिसतात. गावच्या सेमिनरीत बर्फात फेर धरणारे, काळ्या झग्यांतील तरुणही त्यांनी असेच टिपले. तेथे मात्र त्या काळ्या-पांढऱ्यातून निर्मळ आनंद उसळतो.

साठच्या दशकात न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्यांच्या कामाची दखल घेतली. तरी छापखाना त्यांनी सोडला नाही आणि गावही सोडले नाही. २५ नोव्हेंबर २००० रोजी सेनिगालियातच त्यांचे निधन झाले.

आज आमच्या घरोघरी मोबाईलमध्ये शेकडो चित्रे साठलेली असतात. त्यांत आजीचे राबलेले हात किती, आणि पेरणीपूर्वीचे आपले शेत किती, हे वाचकांनी एकदा पाहावे. आजी आहे तोवर ते हात टिपून घ्यावेत. आणि टिपण्याआधी घटकाभर तिच्याजवळ बसावे.