सुईला बेडी, डब्याला मोकळीक

१९८८ला सोल ऑलिम्पिकमध्ये बेन जॉन्सन स्टॅनोझोलॉल घेऊन धावला. पदक गेलं. दोन वर्षांत अमेरिकेने स्टेरॉइडविरोधी कायदा केला, तोही अमेरिकन मेडिकल असोसिएशनचा विरोध डावलून. राग ऑलिम्पिकवाल्यांवर, सापडला जिममधला पोरगा! त्याच्या खणात डॉक्टरच्या चिठ्ठीविना कुपी मिळाली, तर पहिल्याच गुन्ह्याला वर्षभरापर्यंत कैद.

न्यूयॉर्कचे वकील रिक कॉलिन्स (आधी सरकारी वकील, स्वतः बॉडीबिल्डिंग केलेले) यांनी २००२च्या ‘लीगल मसल’ या पुस्तकापासून याविरुद्ध आवाज लावलाय. शरीर कमावणाऱ्याला ड्रगवाल्यांच्या रांगेत उभं करणं मलाही मूर्खपणाचं वाटतं.

पण त्यांची फर्म सप्लिमेंट कंपन्यांचीही वकिली करते. इथे माझं बिनसतं. १९९४च्या कायद्यामुळे पावडरचा डबा बाजारात आणायला एफडीएची मंजुरी लागत नाही. सुरक्षित आहे असं विकणाऱ्यानेच म्हणायचं, घातक आहे हे सरकारने सिद्ध करत बसायचं. या पोराला कुपीसाठी कैद आणि डबेवाल्याला संशयाचा फायदा? २००३मध्ये बेसबॉलपटू स्टीव्ह बेक्लर २३व्या वर्षी उष्माघाताने गेला. तो एफेड्रा घेत होता. एफेड्रा तेव्हा दुकानात उघड मिळायचं. बंदी आली २००४ला.