"जेवलीस का?" एवढं पुरत नाही

रात्री होस्टेलवर घरचा फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलीस का?" उत्तरही ठरलेलं, "हो." पण मित्रहो, काहींचं हे 'हो' खोटं असतं! मेसचं ताट तसंच परत जातं. कुणी जेवल्या जेवल्या बाथरूममध्ये जाऊन घशात बोटं घालतं. अ‍ॅनोरेक्सिया, बुलिमिया ही या आजारांची नावं. आणि हे फक्त मुलींचं दुखणं नव्हे. आपला मुलूख तालमींचा. वजनगटात बसायला उपाशी राहणारी पोरंही आपण पाहतो, त्याला कुणी आजार म्हणत नाही एवढंच.

अशा वेळी आईवडील दोनच गोष्टी करतात. "अठरा पूर्ण झाली, तिचं ती बघेल", नाहीतर "जेवली नाहीस तर कॉलेज बंद!" माझ्या मते दोन्ही चूक. धमकीनं पोरगी जास्त जेवत नाही, जास्त लपवते.

शिवाय हा नुसता हट्ट नसतो. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास झाला. ती माणसं चिडचिडी, एकलकोंडी झाली, दिवसभर खाण्याचाच विचार करू लागली. म्हणजे उपासमारच मन बदलते. अशा मनाला लेक्चर देऊन काय उपयोग?

मग आईनं म्हणावं काय? वजनाचा, दिसण्याचा विषयच काढू नये (सुट्टीत "किती वाळलीस गं" म्हणणाऱ्या पाहुण्यांनाही आवरावं!). जे पाहिलं तेवढंच सांगावं : "परवा दोनदा भरल्या ताटावरून उठलीस, मला काळजी वाटते. चक्कर येते का? पाळी वेळेवर येते का? डॉक्टरांकडे आपण दोघी जाऊ." ती नाही म्हणेल. चार दिवसांनी पुन्हा विचारावं.

डॉक्टर यासाठी की सारख्या उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं, हृदयाचे ठोके बिघडतात. वजन नॉर्मल असलं तरी! आणि फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम पोटभर खाऊ घालणंही धोक्याचं, तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानंच. मूल सज्ञान असल्यानं उपचाराचा निर्णय साधारणपणे त्याचाच, २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही तेच मानतो. पण बेशुद्ध पडली, छातीत धडधडू लागलं, जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलली, तर 'हो'ची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं. एरवी आईवडिलांनाही १४४१६ या टेली-मानसच्या मोफत नंबरवर मराठीत बोलता येतं. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. उपचाराला घरी नेलं तर वर्ष वाया जाईल, या भीतीनं पालक गप्प बसतात. हजेरी कमी पडली की घरी पत्र लगेच जातं ना? मग मेडिकल रजेचं काय होतं, राहिलेलं टर्मवर्क कधी देता येतं, हेही रेक्टर आणि क्लास टीचरनी अ‍ॅडमिशनच्या दिवशीच पालकांना सांगून टाकावं.